जुनी आरएक्स-८ घेताना: रिकॉल, कॉम्प्रेशन आणि उष्णता

तुम्ही २००५ ची, सहा गिअरची माझदा आरएक्स-८ पाहून आलात. विकणारा म्हणतो की रिकॉलची (कंपनीने गाड्या परत बोलावून करून द्यायच्या दुरुस्तीची) सगळी कामं झालेली आहेत आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, त्यामुळे काळजीचं कारण नाही. या गाडीत नेहमी काय बिघडतं, कोणती रिकॉल निघाली होती आणि पैसे मोजण्याआधी काय तपासायचं, असं तुम्ही विचारलंत.

विकणाऱ्याची दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी असली तरी त्या गाडीचं इंजिन संपत आलेलं असू शकतं. रिकॉल निघतं ते जिवाला धोका असेल तेव्हा: एअरबॅग, पेट्रोलची गळती, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शन निखळणं. इंजिन लवकर झिजतं एवढ्यासाठी सहसा कुणी रिकॉल काढत नाही, आणि आरएक्स-८चं खरं दुखणं नेमकं इंजिनात आहे. म्हणून रिकॉलची चौकशी आणि इंजिनाची तपासणी ही दोन वेगळी कामं धरा. एकातून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही.

रिकॉलचा भाग सरळ आहे, तो आधी उरकू. सगळ्यात गंभीर आहे ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल. एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते खराब होतं. मग धडक बसल्यावर ते हवं त्यापेक्षा जोरात जळतं, इन्फ्लेटरचं धातूचं आवरण फुटतं आणि त्याचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या दिशेने उडतात. यात जगभर माणसं दगावली आहेत. अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या यात आल्या आणि वाहन उद्योगातलं हे आजवरचं सगळ्यात मोठं रिकॉल ठरलं. आरएक्स-८च्या २००४ ते २००८ या मॉडेल वर्षांच्या गाड्यांमध्ये चालकासमोरची आणि शेजारच्या सीटसमोरची, अशा दोन्ही एअरबॅग यात होत्या. रिकॉल टप्प्याटप्प्याने निघालं, त्यामुळे एक बाजू बदलून झाली आणि दुसरी राहून गेली असं होऊ शकतं. ‘झालंय’ हा शब्द पुरेसा नाही. कोणती बाजू, कोणत्या तारखेला, हे कागदावर बघा. गाडीचं वय आता इतकं झालंय की इन्फ्लेटर मूळचाच असेल, तर ही बाब पुढे ढकलण्यासारखी राहिलेली नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेत या गाडीची आणखी दोन रिकॉल निघाली. एक पेट्रोल पंपाच्या सीलिंग रिंगसाठी. इंजिन आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने ही रिंग खराब होते आणि तिथून पेट्रोल गळू शकतं. दुसरं सुरुवातीच्या गाड्यांच्या पुढच्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटसाठी, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या सांध्यासाठी. तो तडकून निसटला तर चाकावरचा ताबाच जातो. पंपाची तपासणी तुम्ही स्वतःसुद्धा करू शकता. मागची सीट उचलली की खाली पंपाचं झाकण दिसतं. टाकी भरलेली असताना आणि गाडी तापलेली असताना तिथे पेट्रोलचा वास येत असेल, तर पुढचं काही बघण्याआधी तेवढं दुरुस्त करून घ्यायला सांगा.

रिकॉल तपासताना एक अडचण बऱ्याच जणांना येते. रिकॉलची नोंद देशागणिक वेगळी असते. एका देशात विकली गेलेली गाडी दुसऱ्या देशात गेली की तिथल्या यादीत तिचा क्रमांक सापडत नाही आणि शोध कोरा येतो. कोरं उत्तर आलं म्हणजे काम शिल्लक नाही, असा अर्थ काढू नका. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या आरएक्स-८वर नेहमीचा १७ अक्षरांचा क्रमांक नसतो, एसई३पी ने सुरू होणारा चॅसिस क्रमांक असतो. अशा गाडीची चौकशी जपानमधल्या नोंदीतूनच करावी लागते. गाडी मुळात कुठे विकली गेली होती ते आधी ठरवा आणि तिथल्या नोंदीत क्रमांक टाका. रिकॉलचं काम कंपनीने विनामूल्य करायचं असतं आणि मालक कितवा आहे याने सहसा फरक पडत नाही.

आता रिकॉल नसलेली, पण रिकॉल म्हणून सांगितली जाणारी एक गोष्ट. इंजिनं फार लवकर बाद होऊ लागली तेव्हा माझदाने अमेरिकेत २००४ ते २००८ या मॉडेलांच्या रोटरी इंजिनाची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली. म्हणजे साधारण १ लाख ६० हजार किलोमीटर. ही मुदत कधीच संपली आहे. तरीही तिचा उपयोग आहे, कारण तिच्यामुळे पुष्कळ गाड्यांत नव्याने बांधलेली इंजिनं बसली. ‘इंजिन रिकॉलमध्ये बदललंय’ असं कुणी म्हणालं तर बहुधा त्याला ही वॉरंटी म्हणायची असते. बदललेलं इंजिन ही वाईट खूण नाही. विचारायचं एवढंच की कधी बदललं, त्यानंतर गाडी किती चालली, आणि मूळ इंजिन ज्या कारणाने गेलं ते कारण दूर केलं होतं का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

इंजिनाकडे वळण्याआधी ते कसं चालतं हे दोन वाक्यांत सांगावं लागेल, नाहीतर तपासणीचे आकडे निरर्थक वाटतील. हे इंजिन रोटरी आहे, म्हणजे त्यात पिस्टन नाहीत. तीन कोन असलेले दोन रोटर अंड्याच्या आकाराच्या पोकळीत फिरतात आणि प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात. म्हणजे एकूण सहा कप्पे. हवा-पेट्रोलचं मिश्रण कप्प्यातच दाबून ठेवायचं काम कोनांवरचे अपेक्स सील आणि कडांवरचे साइड सील करतात. हे सील झिजले, अडकले किंवा वाकले की कॉम्प्रेशन जातं, आणि ते गेलं की इंजिन उघडण्याशिवाय इलाज नसतो. क्षमता १३०८ सीसी, तांबडी रेघ, म्हणजे इंजिनाच्या वेगाची वरची मर्यादा, सहा गिअरच्या गाडीत मिनिटाला ९००० फेऱ्यांवर. रेनेसिस नावाच्या या इंजिनाला २००३ मध्ये ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला होता, आणि तो योग्यच होता असं मी आजही म्हणेन. इतकं लहान, हलकं आणि वर चढताना इतकं गुळगुळीत इंजिन दुसरं नाही. त्याची किंमत मात्र देखभालीत मोजावी लागते.

कॉम्प्रेशन टेस्ट हीच या खरेदीतली निर्णायक गोष्ट. ती रोटरीसाठी बनवलेल्या टेस्टरनेच झाली पाहिजे. पिस्टन इंजिनाच्या साध्या गेजमध्ये एकेरी झडप असते, त्यामुळे ते तीन कप्प्यांपैकी सगळ्यात चांगल्या कप्प्याचा आकडा धरून बसतं. उरलेल्या दोन कप्प्यांत काहीच नसलं तरी गेज छान आकडा दाखवतं. रोटरी टेस्टर तिन्ही कप्प्यांचे आकडे वेगवेगळे देतो, दोन्ही रोटरचे मिळून सहा. सोबत सेल्फने इंजिन किती वेगाने फिरत होतं तेही देतो. हा सातवा आकडा नसेल तर उरलेले सहा मला कुणी दाखवू नयेत असं मी स्पष्ट सांगतो.

कंपनीचं माप २५० फेऱ्यांवर दिलेलं आहे. नव्या इंजिनाचं ८.५, आणि किमान चालणारं ६.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एकाच रोटरच्या तीन कप्प्यांत १.५ पेक्षा जास्त फरक नको आणि दोन रोटरमध्ये १.० पेक्षा जास्त नको. नवी बॅटरी आणि जोरकस सेल्फ मोटर लावली की इंजिन २५० च्या वर फिरतं आणि आकडे आपोआप फुगतात. म्हणून वेगाप्रमाणे आकडे २५० ला आणून मगच वाचायचे. समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर टेस्ट केली असेल तर हवा विरळ असल्यामुळे आकडे कमी येतात, तीही दुरुस्ती करावी लागते. टेस्ट इंजिन पूर्ण तापल्यावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून करायची. थंड इंजिनावर केलेल्या टेस्टचा कागद बाजूला ठेवा.

आकडे वाचायची माझी पद्धत अशी. दुरुस्त केलेले सहाही आकडे ७.५ च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन निरोगी आहे. सगळे ७ च्या आसपास असतील तर इंजिन चालतंय, पण ते पुन्हा बांधावं लागणार हे धरूनच किंमत ठरवा. एकाच रोटरचे तिन्ही खाली असतील किंवा एकच कप्पा एकदम पडलेला असेल, तर सील तुटलेला किंवा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालती म्हणून घेऊ नका.

टेस्टर हाताशी नसेल तर निदान गरम सेल्फची परीक्षा घ्या. गाडी वीसेक मिनिटं चांगली चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. निरोगी इंजिन लगेच पकडतं. झिजलेलं इंजिन सकाळी थंड असताना बरं चालू होतं, कारण घट्ट झालेलं ऑईल फटी भरून काढतं. तापल्यावर ऑईल पातळ होतं, कॉम्प्रेशन निसटतं आणि सेल्फ घरघर करत राहतो. ‘एका सेल्फमध्ये चालू होते’ हे वाक्य म्हणूनच मला पुरेसं वाटत नाही. कधी, थंड की गरम? तुम्ही पोचायच्या आत विकणाऱ्याने गाडी तापवून ठेवली असेल तर उलट बरंच आहे, तेव्हाच बंद करून चालू करून बघा. एवढ्यात सेल्फ मोटर आणि बॅटरी दोन्ही बदललेल्या असतील तर कारण विचारा. ही चांगली दुरुस्ती असू शकते, आणि दमलेलं इंजिन काही महिने ओढून नेण्याची युक्तीही असू शकते.

आता इंजिनं जातात कशाने? बहुतेक वेळा एकटं इंजिन जात नाही. आधी प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल जाते. चार कॉइल आणि चार प्लग असतात, प्रत्येक रोटरला दोन-दोन. कॉइल उष्णतेच्या अगदी जवळ बसवलेल्या आहेत आणि वेळेआधी अशक्त होतात. मग मिसिंग होतं, म्हणजे मिश्रण अधूनमधून पेटतच नाही; ते सुरुवातीला जाणवतही नाही, चढावर किंवा वरच्या फेऱ्यांवर किंचित झटका येतो एवढंच. न जळलेलं पेट्रोल मात्र थेट एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. कन्व्हर्टर आतून वितळतो आणि त्याची जाळी बुजते. मग एक्झॉस्टला वाट राहत नाही, उष्णता इंजिनात मागे कोंडते, साइड सीलवर काजळी बसते, स्प्रिंगांचा जोर जातो. कॉम्प्रेशन पडलं हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एक साधी कॉइल वेळेवर न बदलल्यामुळे संपूर्ण इंजिन जातं, हे या गाडीच्या बाबतीत अजिबात अतिशयोक्ती नाही.

म्हणूनच मघाचा प्रश्न महत्त्वाचा: इंजिन बदललं तेव्हा कॉइल आणि कन्व्हर्टरही बदलले होते का? बुजलेला कन्व्हर्टर तसाच ठेवून नवं इंजिन बसवलं असेल तर तेही त्याच वाटेने जाणार. मी चारही कॉइल, प्लग आणि वायरी एकत्रच बदलायला सांगतो आणि साधारण ५० हजार किलोमीटरला त्या खर्चाची वस्तू म्हणूनच धरतो. प्रत्येक रोटरचे दोन प्लग, लीडिंग आणि ट्रेलिंग, वेगळे असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. हे माहीत नसलेल्या मिस्त्रीने हात लावलाय का, तेही बघून घ्या. कन्व्हर्टरसाठी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकातून एक्झॉस्टचा मागचा दाब मोजता येतो. आत खडखड वाजत असेल किंवा गाडी थांबवल्यावर खालचा भाग लाल तापलेला दिसत असेल तर मोजायचीही गरज नाही. कन्व्हर्टर काढूनच टाकलेला असेल तर उत्सर्जन चाचणी पास होणार नाही हे एक, आणि तो का काढावा लागला हा प्रश्न दुसरा.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिर राहतो आणि हलतो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं उपकरण, लावून खरा आकडा बघत चालवा. गर्दीत उभी असताना पंखे सुरू झाल्यावर आकडा खाली यायला हवा. १०५ अंशांच्या पुढे सरकतच राहिला तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखे किंवा पाण्याचा पंप यापैकी काहीतरी थकलंय. त्याच रीडरवर ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीचा संगणक स्वतः करतो त्या तपासण्या) अपूर्ण दिसले तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी एररचे कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. चालवताना इंजिनाचा दिवा नुसता न पेटता लुकलुकला तर ते मिसिंग आहे, तिथेच थांबा.

एकदा जरी इंजिन फार तापलं असेल तरी हाउसिंगांमधले पाण्याचे सील जातात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी अडखळत चालू होणं, क्षणभर पांढरा धूर, कूलंटच्या टाकीत बुडबुडे, थंड इंजिनावरही होजमध्ये दाब: यापैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर गाडी सोडून द्या. ऑईल भरायच्या झाकणाखाली मात्र पांढरट मलईसारखा थर दिसला तर घाबरून जाऊ नका. त्या लांब नळीत वाफ साठते आणि थोड्या अंतराच्या फेऱ्या झाल्या की असा थर येतोच. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल तर तो प्रश्न नाही.

ऑईलबाबत या गाडीचा नियम उलटा आहे. रोटरी इंजिन ऑईल खातं, कारण सील ओले राहावेत म्हणून मीटरिंग पंप ते मुद्दाम कप्प्यात सोडतो. दर दीड-दोन हजार किलोमीटरला साधारण लिटरभर वर घालावं लागणं हे ठीक आहे. ‘माझी गाडी थेंबभरही ऑईल खात नाही’ असं कुणी अभिमानाने म्हणालं तर सावध व्हा. पंप किंवा त्याच्या नळ्या बंद पडल्या असतील आणि सील कोरडे घासले जात असतील. विकणाऱ्याला विचारा की ऑईल कधी तपासतो. ‘दर दोन टाक्यांमागे’ असं उत्तर आलं तर तो गाडी ओळखून आहे. ‘सर्व्हिसिंगला देतो तेव्हा तेच बघतात’ असं आलं तर ऑईल कमी असताना गाडी किती धावली असेल ते कुणालाच माहीत नाही. पुढच्या बंपरमागे ऑईल कूलर आणि त्याच्या नळ्या असतात, त्यांच्या जोडांवर गंज आणि ओल बघायला विसरू नका.

ही गाडी हळू चालवून टिकत नाही, हे पटायला वेळ लागतो. रेनेसिसमध्ये हवेच्या वाटा टप्प्याटप्प्याने उघडतात: ३७५० फेऱ्यांच्या आसपास एक झडप, ६२५० ला पुढची, ७२५० ला आणखी एक. गाडी कायम खालच्याच फेऱ्यांत फिरवली की काजळी साचून या झडपा अडकतात. चाचणीच्या वेळी, इंजिन पूर्ण तापल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये तांबड्या रेघेपर्यंत न्या. जोर वर चढत जायला हवा, मध्येच सपाट पडायला नको. इंजिन तापायच्या आत मात्र जोरात रेस करू नका आणि कुणाला करूही देऊ नका.

याच्याशी जोडलेली दुसरी सवय म्हणजे थंड गाडी चालू करून चार फूट सरकवणं आणि लगेच बंद करणं. थंड असताना इंजिन भरपूर पेट्रोल घेतं, ते आतच राहतं, सीलवरचं ऑईल धुऊन नेतं आणि पुढच्या वेळी प्लग ओले होऊन गाडी चालूच होत नाही. असं झालं तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. तेव्हा पेट्रोल बंद राहतं आणि आत साचलेलं बाहेर फेकलं जातं. कॉम्प्रेशन चांगलं असलेल्या गाडीत हा त्रास क्वचित होतो. वारंवार होत असेल तर पुन्हा तेच सहा आकडे.

इंजिनापलीकडची यादी लहान आहे आणि तिथे गाडी खरोखर चांगली आहे. क्लच पेडलच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग तडकतं. पेडल दाबताना करकर वाजणं आणि गिअर जड पडणं ही त्याची खूण. खालच्या गिअरात टाकताना गिअरबॉक्स किरकिरला तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या, झिजलेत. स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्याच्या जोडांत ओल आणि गंज गेला की ते चालता चालता अचानक जड होतं. पुढच्या बॉल जॉइंटबद्दल वर आलंच आहे, रिकॉल झालं असलं तरी चाक उचलून ढिलेपणा बघा, कारण बदललेलाही जॉइंट आता जुना झाला असेल. मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दरवाज्यांखालच्या पट्ट्या गंजतात. मागचे दरवाजे पुढचे उघडल्यावरच उघडतात, त्यामुळे तिथल्या कडा बाहेरून दिसत नाहीत. चारही दरवाजे उघडून बोट फिरवा.

कोणती आवृत्ती घ्यावी असं विचाराल तर माझा कल २००९ पासूनच्या सुधारित गाड्यांकडे आहे. त्यांत प्रत्येक रोटरला तिसरा ऑईल इंजेक्टर आला. तो अपेक्स सीलच्या मध्यभागी ऑईल सोडतो, आधीच्या दोन इंजेक्टरांमुळे तोच भाग कोरडा राहायचा. ऑईलचा दाबही वाढवला. सुरुवातीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्या मी टाळतो. त्यांची तांबडी रेघ ७५०० लाच आहे, त्या सावकाशच चालवल्या जातात आणि बऱ्याच गाड्यांत दोनऐवजी एकच ऑईल कूलर असतो. काजळी आणि उष्णता, दोन्ही तिथे जास्त. तुम्ही पाहिलेली २००५ ची मॅन्युअल या दोहोंच्या मध्ये येते. ती चांगली निघू शकते, पण तिचं नशीब पूर्णपणे मागच्या मालकांच्या सवयींवर अवलंबून आहे.

तेव्हा विकणाऱ्याला दोन गोष्टी मागा: रिकॉलच्या कामांचे तारखेसह कागद, आणि तुमच्यासमोर गरम इंजिनावर केलेली रोटरी कॉम्प्रेशन टेस्ट. पहिली गोष्ट नसेल तर गाडी नाकारायचं कारण नाही, ते काम तुम्ही स्वतः करून घेऊ शकता. फक्त एअरबॅग बदलून होईपर्यंत ती गाडी चालवू नका. दुसऱ्या गोष्टीला तो नकार देत असेल तर इंजिन गेलेलंच आहे असं धरून किंमत सांगा. त्याला ती पटली नाही तर उठून या, आरएक्स-८ अजून पुष्कळ विकायला आहेत.

घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात, पावती नसेल तर, चारही कॉइल, प्लग आणि वायरी बदला. ऑईल आणि कूलंट नवं घाला आणि कन्व्हर्टरचा दाब मोजून घ्या. पेट्रोलमध्ये लिटरमागे चार-पाच मिलिलिटर चांगलं, कमी राख सोडणारं टू-स्ट्रोक ऑईल मिसळण्याची पद्धत रोटरीवाल्यांमध्ये रूढ आहे. कंपनीने ते करायला सांगितलेलं नाही. तरी २००९ आधीच्या गाड्यांमध्ये सीलचा मधला भाग कोरडा राहतो हे लक्षात घेता मी ते करायला सांगतो. मिसळताना आधी ऑईल टाकीत ओता आणि मग पेट्रोल भरा, म्हणजे ते नीट एकजीव होतं.